तिसरा दोर

सगळ्यांत आधी खुर्ची पुढे ओढ, इताती.
रेलून बसणाऱ्याला जहाज दिसत नाही.

आणि हे आधीच सांगतो: मी कधी विमान उडवलेलं नाही.
अकरा वर्षं डेकवर दोर सांभाळले,
हिरवी बंडी, कानांवर वाट्या, मिशीत मीठ.
उडणारे मी खालून पाहिले.
खालून जे दिसतं ते वरच्याला दिसत नाही,
एवढ्याच हक्काने बोलतो.

उंची म्हणजे गाठीला बांधलेला पैसा.
पहिल्याच वळणावर उधळू नकोस.
काल तुझ्याशी खेळला तो कोर्दोबाचा पोरगा बघ,
वाघासारखा आला,
आणि तिसऱ्या गिरकीला लाटांशी नाक घासत होता.

काचेवरचा एखादा ठिपका जागचा हलत नसेल,
नुसता फुगत असेल,
तर तो तुझ्यावरच येतोय.
हलणाऱ्याला भिऊ नये.
पुंता आल्तातला माझा घरमालक
महिनाअखेरीला अगदी असाच यायचा.

शेपटीमागे धावायचं नाही.
तो आत्ता आहे तिथे, गोळी पोचेपर्यंत,
नुसती हवा उरते.

आणि इंधन. घरी परतायचं आधी बाजूला काढ,
मग उरल्यासुरल्यात शौर्य कर.

(तुंब्यातली येर्बा निवली बघ. राहू दे.
वारा झुडपांनी खिडकी खरवडतोय,
तुझी आई अजून कामावरून आली नाही.)

आता उतरणं.
डेककडे बघू नकोस, डेक खोटं बोलतं.
वर येतं, खाली जातं, सारखं उजवीकडे सरकतं,
कारण जहाज पुढे चाललंय.
ते कुणासाठी थांबत नाही.
दिव्याकडे बघ: नारिंगी गोळा, हिरव्या ओळीच्या मधोमध.
तो वर, तर तू वर. तो खाली, तर तू खाली.
लाल झाला तर माझंसुद्धा ऐकू नकोस, जोर दे आणि नीघ.

आणि चाकं टेकली की
(इथेच सगळे चुकतात)
पूर्ण जोर.
हो, थांबायच्या क्षणीच पूर्ण जोर.
आकडा दोरात अडकला तर दोर धरेल,
कितीही ओढलंस तरी धरेल, त्याची हमी मी देत होतो.
नाही अडकला, तर पुढे समुद्रच आहे,
आणि तेव्हा मुठीत वेग हवा.

तिसरा दोर! छान गं.

आता एक माझ्यासाठी लाव.
रात्र. चंद्र नको. वारा नैर्ऋत्येचा.
लाटा तू ठेवतेस त्याच्या दुप्पट.
इंधनाचा आकडा मला पाठ आहे, सांगतो.
नाही, युद्ध नको. सराव होता तो.

पहिली हुकली. हं.
दुसरी. आकडा दोरावरून उडी मारून गेला,
ठिणग्या दिसल्या ना?
मी एवढ्यावर उभा होतो,
तू आणि तो फ्रिज, इतक्यावर.
लिसांद्रो सोर्गे. दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालायचा.
वरून हुकूम आला: फिरा, पुन्हा या.
फोन माझ्या हाताशी होता.
पण दोरवाल्याने वैमानिकाबद्दल बोलायचं नसतं.

थांब. तिसरीला येऊ नकोस.
वळ. उत्तरेला चाळीस मैलांवर धावपट्टी आहे,
जमिनीवरची, लांबलचक, आळशी, न हलणारी.
पुरतंय इंधन. हिशोब केलाय मी.
किती वेळा, ते विचारू नकोस.

चाकं खाली.
आता मात्र ब्रेक, हळू, हळू.

काय लिहून आलं पडद्यावर? चष्मा नाही माझ्याकडे.
मोहीम अयशस्वी?
बरं.
लगेच पुसू नकोस.
इंजिन निवतंय, ऐक.